एप्रिलची कात्री

गाडी रस्त्यावर हॉर्न देत होती आणि मी द्राक्षबागेत उभी राहून शालनला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, कुठला प्लॉट आधी छाटायचा ते सांगत होते. तासगावची बाई अमेरिकेला निघालेली, भर उन्हात अंगात नवंकोरं जॅकेट, आणि तोंडात छाटणी! शालन म्हणाली, "आवं आक्का, निघा आता. आमी काय काल जन्मलोय व्हय?" म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. मी नाही रडले. मालक जाऊन तीन वर्षं झाली होती, एकुलती एक लेक स्वाती तिकडं, तिनं माझं ग्रीन कार्ड करून घेतलेलं. रडायचं तरी कुठल्या तोंडानं?

माझी आई म्हणायची, लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये. मी तर सात महिने फिल्टरचं पितेय.

स्वाती आणि जावई सकाळी आपापल्या लॅपटॉपला लागतात. भांडी मशीन घासतं, कपडे मशीन वाळवतं. मी उठून कशाला हात लावला की स्वाती म्हणते, "आई, राहू दे, तू बस." बसून बसून बाई लाकूड होते. माझी माया करते पोरगी, कळतं मला. पण लेकीकडं, लेकाकडं येऊन पडलेल्या माझ्यासारख्या सगळ्या बायांनो, तुम्हाला सांगते, 'तू बस' यासारखं टोचणारं वाक्य दुसरं नाही.

हे शहर सगळं चढउताराचं. माझं माहेर साताऱ्याचं, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं, त्यामुळं चढाला मी भीत नाही. भितात ते माझे गुडघे. आमच्या गल्लीच्या टोकाला रस्ताच संपतो आणि तिथून पुढं वरच्या गल्लीपर्यंत नुसत्या पायऱ्या. उभ्या, अरुंद, शिडीसारख्या. दोन्ही अंगांना बाग. सरकारी माळी नाही. आजूबाजूची माणसंच महिन्यातून एका शनिवारी जमतात, खुरपतात, पाणी घालतात. ऑक्टोबरात मी पहिल्या बाकड्यापर्यंतच जायचे आणि फासफुस करत बसायचे. येणारेजाणारे 'हाय' म्हणायचे. मीपण 'हाय'. दिवसभरात तोंडातून निघालेला तेवढाच शब्द, तोही कुत्रं घेऊन चाललेल्या परक्या माणसाला. पुढं दुसरं बाकडं गाठलं, मग तिसरं. एप्रिलात एकदाची वरच्या टप्प्यावर पोचले आणि समोर बघते तर काय, तारेच्या मांडवावर द्राक्षवेल!

जाड खोड, दोन्हीकडं पसरलेले ओलांडे, म्हणजे तारेवरचे आडवे हात. मी तिला हात लावून बघितला आणि मग मात्र रडले. रस्त्यात, लाज सोडून. दुसऱ्याच क्षणी माझ्यातली बागायतदारीण जागी झाली. एप्रिल निम्मा सरला, आणि वेलीची खरड छाटणी नाही! गेल्या सालच्या काड्या तशाच, त्यांवर नवा फुटवा माजलेला. आपल्याकडं वर्षात दोन छाटण्या. एप्रिलात वेल खरडून काढायची, प्रत्येक काडीचा एक डोळा, म्हणजे फुटायचा कोंब, तेवढा ठेवायचा, आणि ऑक्टोबरात फळासाठी पुन्हा छाटायची. ही अनाथ दिसते बिचारी, असं मनात म्हटलं.

त्याच शनिवारी मी हातमोजे घालून कामाला हजर झाले. इंग्रजी मला कळतं, तोंडातून निघत नाही. एका पोरीनं मला वरच्या टप्प्यावरचं तण दाखवलं आणि हातात कात्री दिली. तण गेलं खड्ड्यात. मी वेलीला हात घातला. सासूबाई म्हणायच्या, कात्रीला माया आली की बाग रुसती. तासाभरात वेल उघडी केली. घाम आला, खांदे भरून आले. सात महिन्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

बारीक बारीक घड निघालेले मला दिसले नाहीत का? दिसले की. पण एप्रिलातला घड आपल्याकडं अवेळीचा. ताकद खातो, काढूनच टाकायचा. हातानं सवयीनं काढला.

तेवढ्यात डोरोथी काठी टेकत आली. ऐंशीच्या पुढची, टप्प्यालगतच्याच घरात एकटी राहते. तिनं मांडवाकडं बघितलं, खाली पडलेल्या ढिगाकडं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. फिरली आणि घरात गेली. बाकीचे सगळे मला "इट्स ओके, इट्स ओके" म्हणत राहिले.

घरी आल्यावर स्वातीनं सांगितलं. इथं थंडी कडक, वेल हिवाळ्यात झोपते. छाटणी वर्षातून एकदाच, जानेवारीत. एप्रिलचा फुटवा तेच सालभराचं पीक. ती वेल डोरोथीच्या नवऱ्यानं लावलेली. तो गेल्यापासून दर सप्टेंबरात ती पायऱ्यांवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला घड वाटते. यंदा वाटायला काही नाही.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पस्तीस वर्षं बाग केली आणि एका म्हातारीची बाग मारली. स्वाती म्हणाली, "जाऊ दे आई, तुला काय माहीत? तू बस." चार दिवस मी पायऱ्यांकडं फिरकले नाही. पाचव्या दिवशी शालनला फोन लावला. म्हटलं, मला इथं राहायचं नाही, तिकीट काढून येते. ती म्हणाली, "या की आक्का, कवाबी या. पर आता बागंत राबायचं न्हाई हां. लय केलंसा. पावण्यावानी निवांत ऱ्हावा."

फोन ठेवला. तिथंही पाव्हणी! मग परत जायचं ते कुठं? माणसं सगळी चांगली, सगळी मायेची, आणि त्यांच्यात मला जागा म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी तासगावहून आणलेल्या बेदाण्याची पिशवी घेऊन पायऱ्या चढले. एकटीच. दार उघडलं डोरोथीनं. मी "सॉरी" म्हटलं आणि पिशवी पुढं केली. वाटलं, हीपण 'इट्स ओके' म्हणेल आणि दार लावेल.

पण ती तसं म्हणाली नाही. तिनं माझं मनगट धरलं, मला वेलीपाशी नेलं आणि अशी कडाडली की खालच्या पायऱ्यांवरचा माणूस थांबून बघायला लागला. कुणाला न विचारता कात्री लावतेस? डोळे फुटले होते का तुझे? तिच्या इंग्रजीतही मला नेमकं तेच कळलं. मग म्हणाली, तू कापलंस ना, आता तूच सांभाळ. माझे हात चालत नाहीत. रोज येऊन पाणी घालायचं, आणि जानेवारीत मी उभी राहून सांगेन तसं छाटायचं. पुढच्या सालचे घड मला हवेत.

मी मान हलवली. तिनं बेदाण्याची पिशवी ओढून घेतली, आत गेली आणि दार आपटलं.

मी तिथंच पायरीवर बसून हुंदके देऊन रडले. एकटेपणा सरला असं म्हणणार नाही. संध्याकाळी अजूनही तासगाव आठवून जीव खाली-वर होतो. पण स्वातीला सांगितलंय, पुढच्या सालच्या सप्टेंबरापर्यंत तरी मी हलत नाही. घर म्हणजे काय, याचं मोठं उत्तर माझ्याकडं नाही. एवढंच कळलं, की पाहुण्यावर कुणी असं चिडत नाही.