दहापैकी पाच

दुसऱ्या पंगतीचा भात उपसत होते तेव्हा फोन वाजला. नागपुरात धंतोलीतल्या आमच्या स्वयंपाकघरात त्या वेळी कोणी फोन उचलत नाही, हे ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरी तो वाजतच राहिला, तेव्हा झारा ठेवून उचलला. प्रांजली होती, देवकाची सून. "मावशी, आई गेल्या..." एवढंच म्हणाली, बाकीचं मग नंतर कळलं. देवका कुहीला माहेरी गेली होती, भाच्याच्या लग्नाला. आदल्या दिवशी पंगतीत स्वतः वाढत होती म्हणे, व्याह्यांना आग्रह कर-करून. सकाळी सगळ्या वऱ्हाडाला चहा पाजला, "जरा पाठ टेकवते" म्हणून भावाच्या खोलीत आडवी झाली, ती जेवायला हाक मारली तरी उठलीच नाही. लोक म्हणाले, पुण्यवान बाई, असं मरण मागून मिळत नाही. खरं आहे. मला मात्र आधी रागच आला. भाजीबाजारात जाताना मला फोन करणारी बाई, आणि एवढ्या लांब निघाली तर सांगितलं नाही!

आमची ओळख एका नारळामुळे झाली. मी तेव्हा पेशंटच्या नातेवाईकांसाठी जेवणाची सोय नुकतीच सुरू केली होती. धंतोलीत गल्लोगल्ली दवाखाने. अख्ख्या विदर्भातून माणसं येतात, पेशंटला खाट मिळते, पण सोबत आलेल्याला घास मिळत नाही. माझ्या भावाच्या आजारपणात मी ते स्वतः भोगलं होतं. दोन खोल्या भाड्याने घेतल्या, चार बायका जमवल्या आणि चूल पेटवली. देवका बालवाडीत शिकवायची. ती कामावर गेली की म्हातारा सासरा घरात एकटा, दाराला बाहेरून कुलूप. एक दिवस तो खिडकीतून रस्त्यावरच्या पोरांना "कुलूप काढा रे" म्हणत होता, ते तिने येता-येता पाहिलं आणि नोकरीच सोडली. सक्करदऱ्यातल्या स्वतःच्या घराच्या पुढच्या खोल्यांत तिने आजूबाजूच्या म्हाताऱ्यांसाठी दिवसभराचं घर उघडलं. सकाळी लेकरं-सुना सोडून जातात, संध्याकाळी घेऊन जातात. पत्ते, कॅरम, भांडणं, सगळं असायचं तिथे. आवाज एवढा की शेजारी म्हणायचे, ही म्हाताऱ्यांची नाही, वानरांची शाळा आहे.

त्या काळी महापालिकेकडून छोट्या संस्थांना मदत मिळायची ती शिफारशीवर. कोणाला नावं ठेवत नाही, रीतच तशी होती. वॉर्डातल्या एखाद्या वजनदार माणसाला गाठायचं, शाल-नारळ द्यायचा, चार शब्द गोड बोलायचे आणि वाट बघायची. अशाच एका वजनदार घराच्या पडवीत आम्ही दोघी, एकमेकींना न ओळखता, आपापला नारळ मांडीवर घेऊन बसलो होतो. सकाळची दुपार झाली. भाऊ येतात, येतात, निघालेच... शेवटी ही धिप्पाड बाई उठली, तिने तिचा नारळ पायरीवर दाणकन आपटला, अर्धा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "खा वं. भाऊले नसन भूक, आपल्याले तं हाय!" मी आधी घाबरले आणि मग इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. त्या वर्षी दोघींनाही मदत मिळाली नाही. माझी शाल मात्र शाबूत राहिली, ती तिच्या सासऱ्याने पुढे कितीतरी हिवाळे पांघरली.

अशी बरीच वर्षं गेली. कधी मिळायचं, कधी नाही. मग एक नवीन अधिकारी आले, तरुण, चष्मेवाले, घाईघाईने बोलणारे. त्यांनी आमच्या भागातल्या सगळ्या छोट्या संस्थांना बोलावलं आणि सांगितलं, शिफारस बंद. "तुमच्या कामातलं तुम्हाला जेवढं कळतं तेवढं मला फायलीतून कळत नाही. तुम्हीच एकमेकांकडे जा, बघा आणि दहापैकी गुण द्या. पण गुण सगळ्यांच्या समोर, कारण सांगून द्यायचे. त्यावरून मदत ठरेल." आम्ही टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर देवका म्हणाली, "टाळ्या तं वाजवल्या, आता एकमेकीच्या तोंडावर बोलन कोण?"

तेच झालं. आम्ही नागपूरची माणसं. दारात आलेला तो पाहुणा, मग तो तपासणीला का आलेला असेना! आम्ही एकमेकांकडे गेलो ते सोयरीक जमवायला गेल्यासारखे. मूकबधिर मुलांच्या शाळेत गुरुजींनी वर्ग बंद ठेवून मुलांना नाचायला लावलं. सरिताच्या शिवणवर्गात मशिनींना हार घातले होते, म्हणून त्या दिवशी एकही मशीन चालली नाही. मी तरी काय केलं? रोजचा वरण-भात बाजूला ठेवला, पाहुण्यांसाठी गोळाभात आणि पाटवडीचा रस्सा केला. सगळे तर्रीने घाम पुसत-पुसत जेवले आणि ढेकर देऊन गेले. मग बैठकीत एकेकाने उठून गुण सांगितले. शाळेला दहा. शिवणवर्गाला दहा. म्हाताऱ्यांच्या घराला दहा. माझ्या रस्स्याला तर अकरा द्यायला तयार होते! तेरी भी चुप, मेरी भी चुप.

साहेब आधी हसले, मग त्यांनी वही मिटली. म्हणाले, "सगळेच दहा, तर मी वाटप कसं करू? एकदा पुन्हा बघा. याही वेळी असंच झालं तर हे मला वर टिकवता येणार नाही, पुन्हा शिफारशीवर जावं लागेल." घरी येताना मी मनात भाड्याचा हिशोब मांडत होते. कारण माझा घरमालक खोल्या रिकाम्या करा म्हणून मागे लागला होता, त्याला तिथे गाड्या लावायला जागा द्यायची होती. राहायचं तर भाडं वाढवून द्या म्हणत होता. मदत आली तर स्वयंपाकघर राहणार होतं, नाही तर चूल विझवायची. आणि शिफारशीच्या रांगेत तर आम्ही कायम शेवटच्या. देवकाला सगळं माहीत होतं, तिच्याजवळच तर रडले होते मी.

तिनेच मग पुढच्या फेरीची रीत काढली. आधी कळवायचं नाही, चहासुद्धा घ्यायचा नाही, आणि नुसतं बघायचं नाही. अर्धा दिवस तिथलं काम आपल्या हाताने करायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक दिवस सकाळीच ती माझ्याकडे हजर झाली. पदर खोचला, कांदे चिरले, भांडी घासली, आमच्या बायकांशी गप्पा मारल्या. एक वाजता आम्ही नेहमीप्रमाणे दार लावलं, तर ही बाई म्हणाली, "मी जरा फिरून येते," आणि दवाखान्यांच्या गल्ल्यांत निघून गेली. मला वाटलं, कोणी गाववाला भरती असेल.

बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, "मालतीच्या स्वयंपाकघराले दहापैकी पाच."

मला वाटलं, चुकून म्हणाली. सरिताने तोंडावर हात ठेवला. देवका आपली शांतपणे सांगत होती, "जेवणाले नाव ठेवाले जागा नाही. पण ही एक वाजता दार लावते. डॉक्टर राउंडले येते दीड-दोन वाजता. तो येऊन गेल्याबिगर पेशंटजवळचा माणूस खाटेपासून हालत नाही. मी जिन्यात बसून पाहून आली. मंग जेवून कोण राहिलं? ज्याले फुरसत हाय तो. आन ज्याच्यासाठी चूल पेटवली, तो नुसतं केळं खाऊन राहिला." साहेब लिहून घेत होते. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काय सांगू! ही मैत्रीण नाही, सवत आहे असं वाटलं. आणि मग बांध फुटल्यासारखंच झालं. शाळेतले गुरुजी, जे कधी कोणाला मोठ्याने बोलले नसतील, ते उठून म्हणाले की म्हाताऱ्यांच्या घरात पुरुषच पत्ते खेळतात आणि म्हाताऱ्या बाया कोपऱ्यात लसूण सोलत बसतात, मी सहा देतो. देवकाने "बराबर हाय" म्हणून मान डोलावली. सरिताला सात मिळाले, शाळेला आठ. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही खरं बोललो. मी मात्र बैठक संपताच सरळ घरी आले.

तिचे फोन घेतले नाहीत. चार दिवस स्वतःशीच धुमसले आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी रिक्षा करून सक्करदऱ्याला गेले, भांडायलाच. दारातूनच सुरू केलं. "काहून वं देवके, तुले मीच भेटली? खोल्या जातीन माह्या, माहीत हाय ना तुले? तरी पाच?" ती पोळ्या लाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "हो, तूच. कोणीतरी सुरू केल्याबिगर होत नव्हतं. दुसऱ्याले पाच दिले असते तं तो जन्माचा वैरी झाला असता. तू काय करशीन? भांडशीन, रडशीन, आन जेवून जाशीन. बस, पाय धुऊन घे." मी म्हटलं, तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. ... आणि चांगल्या तीन पोळ्या जेवून आले! भरल्या वांग्याची भाजी होती, काय करता.

त्या वर्षी मदत कमी आली, पण आली. आणि पद्धत टिकली, आजही चालू आहे. मी दुसरी पंगत सुरू केली, ती दुपारी अडीचला बसते, आणि ज्यांना खाटेपासून हलताच येत नाही त्यांच्यासाठी आमच्या बायका डबे घेऊन वर जातात. घरमालक एकदा स्वतःच्या सासूला घेऊन दवाखान्यात होता, त्याला जिन्यात डबा मिळाला, तेव्हापासून त्याने गाड्यांचं नाव काढलं नाही. देवकाकडे म्हाताऱ्या बाया पत्ते खेळू लागल्या आणि पुरुष लसूण सोलू लागले, त्यावरून तिथे जी महाभारतं झाली ती वेगळीच. हे सगळं चांगलंच झालं. तरी अजूनही सांगते, पाच कमीच होते. सहा द्यायला हवे होते तिने. हे मी तिला दरवर्षी ऐकवायची, आणि ती दरवर्षी म्हणायची, "साडेपाच घे, पण मुकी राह्य."

ती गेली त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात यंदाच्या भेटी आल्या. म्हाताऱ्यांचं घर आता प्रांजली बघते. गुणी पोर आहे. सासूच्या मागे एक दिवसही दार बंद ठेवलं नाही तिने. आम्ही न कळवता गेलो, पण समोर देवकाचा हार घातलेला फोटो पाहून सगळेच उंबऱ्यात थांबलो. गुरुजी हळूच म्हणाले, "यंदा दहाच देऊ. तीच श्रद्धांजली." मीही मान हलवली. मग पदर खोचून कामाला लागले. प्रांजलीने सगळं कसं नीटनेटकं केलंय, खुर्च्या ओळीने, भिंतीवर वेळापत्रक. घर मात्र शांत होतं. खिडकीजवळचे एक आजोबा मघापासून उठू बघत होते. त्यांना बाहेर अंगणात बसायचं होतं. मदतनीस बाई दर वेळी गोड आवाजात म्हणायची, "बसा ना आजोबा, अंगणाची वेळ चार वाजता हाय." ते बसायचे, पुन्हा उठू बघायचे. शेवटी ते बसूनच राहिले. मी त्यांना हात धरून बाहेर नेलं, तर मला म्हणाले, "बाई गेल्यापासून आम्ही शाळेत बसल्यासारखे बसून राहिलो."

बैठकीत गुरुजींनी दहा दिले. सरिताने डोळे पुसत दहा दिले. मी उठले. सात म्हटलं, आणि कारण सांगितलं. प्रांजलीचा चेहरा पाहवेना. सरिता कुजबुजली, "ताई, आज तरी..."

संध्याकाळी दार वाजलं. प्रांजली होती, हेल्मेट हातात, डोळे लाल. आत येऊनच सुरू झाली. "मावशी, आईले जाऊन महिना नाही झाला. मी एकटी किती करून राहिली, तुम्हाले दिसत नाही? सगळ्यांनी दहा दिले, तुम्हीच काहून सात? घरच्या ना तुम्ही?" मी सगळं ऐकून घेतलं. मनात म्हटलं, घरची आहे म्हणूनच ना, पोरी. बोलून-बोलून ती दमली, रडली, खुर्चीत बसली. मी ताट वाढलं. म्हणाली, भूक नाही. मी पोळी मोडून तिच्यासमोर ठेवली. तिने एक घास घेतला, आणि नाक ओढत म्हणाली,

"भाजीत मीठ कमी हाय, मावशी."

महिन्याभरात पहिल्यांदा मला हसू आलं. म्हटलं, "मंग किती देतेस, दहापैकी?" तिने डोळे पुसले, जरा विचार केला आणि म्हणाली, "सहा." मी मीठ आणायला उठले.