उजवा हात, डावा हात

बी.एड.ची डिग्री नोकरीच्या कामी येईल की नाही हे सांगता येत नाही, पण किस्से मात्र ढिगाने मिळतात. यवतमाळच्या आमच्या कॉलेजातून बाहेर पडलेला माणूस लग्नात भेटो, मयतीत भेटो की एसटी स्टँडवर, बोलता बोलता सराव पाठावर येतोच. सराव पाठ म्हणजे आम्ही भावी शिक्षकांनी शेजारच्या शाळेतल्या पोरांवर केलेले प्रयोग. पोरांना कोणी विचारत नसे.

*

पहिला मान गौतमचा. आर्णीजवळच्या खेड्यातला, घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. दिवसा कॉलेज, संध्याकाळी मामाच्या किराणा दुकानात. त्याचा पहिला पाठ प्रकाशसंश्लेषणाचा होता. आमच्यात विषयाचं नाव आपण सांगायचं नसतं. असे प्रश्न विचारायचे की ते पोरांच्याच तोंडून बाहेर पडावं. गौतमने खपून प्रश्न रचले: आपण काय खातो, भाजी कुठून येते, मग झाड काय खातं? तो फळ्यापाशी गेला, घसा साफ केला. तोंड उघडणार तोच पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली.

"सर, प्रकाशसंश्लेषण. मागच्या वर्षीच्या मॅडमनं हेच घेतलंतं. त्यांचा चार्ट मोठा होता."

*

माझ्या वाट्याला ज्वालामुखी आला. त्याची प्रतिकृती मी सीनियरकडून घेतली होती, तिने तिच्या सीनियरकडून. दरवर्षी नवा रंग मारायचा आणि खाली आपलं नाव टाकायचं, अशी पद्धतच होती. पाठ बघायला आलेले पाहुणे सर तो डोंगर बराच वेळ न्याहाळत होते. मला वाटलं, खूश झाले. पाठ संपल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाले, "हा मी बनवलता. अजून धूर निघते का?"

निघत नव्हता. मार्क मात्र चांगले दिले त्यांनी.

*

पोराने उत्तर दिलं की लगेच शाबासकी द्यायची, हे आमच्याकडून अगदी घोटून घेतलेलं होतं. गौतमच्या ते इतकं अंगात भिनलं की दुकानात कोणी पावशेर रवा मागितला तरी तो "अगदी बरोबर!" म्हणायचा. मामाने त्याला गल्ल्यावरून उठवून मागे पोत्यांजवळ बसवलं.

पुढे तो पुसदला मुलाखतीला गेला. समोरच्या वयस्कर गृहस्थांनी सांगितलं, मी या संस्थेचा अध्यक्ष. गौतम म्हणाला, "शाब्बास! बसा."

आज तो त्याच शाळेत शिकवतो. अध्यक्षांना म्हणे इतक्या वर्षांत कोणी शाब्बास म्हटलं नव्हतं.

*

आता सविता. आर्णी रोडवरच्या एका तांड्यावरची सून. लग्नानंतर तिने बी.एड.चं नाव काढलं तेव्हा घरात बरीच आदळआपट झाली. शेवटी सासऱ्यांनी निकाल दिला: एकदाच. पास झाली तर खुशाल नोकरी कर, नापास झाली तर पुन्हा कॉलेजचं नाव काढायचं नाही. आणि एवढं कडक बोलून स्वतःच रोज मोटरसायकलवर तिला घेऊन यायला लागले. पाठ संपेपर्यंत पांढरं धोतर सावरून शाळेच्या खिडकीबाहेर लिंबाखाली बसून राहायचे.

त्यांच्या घरची रीत अशी की सून सासऱ्यांशी बोलत नाही. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणारी सविता त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन मुकी व्हायची. मग मध्ये मी. "मामाजींना सांग, आज उशीर होईल." मामाजी, म्हणजे तिचे सासरे, हातभर अंतरावर उभे. ते मला म्हणायचे, "तिले सांग, मी थांबतो." माझं आपलं पोस्ट ऑफिस चालू.

*

आमचे काळे सर परीक्षेच्या कलेत निष्णात. परीक्षक आले की वर्गातला प्रत्येक हात वर गेला पाहिजे, हा त्यांचा नियम. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. आपण उजव्या हातालाच विचारायचं. परीक्षकांना वाटतं, काय हुशार वर्ग आहे!

लिंबाखालून मामाजी हे बरेच दिवस पाहत होते. एकदा त्यांनी मला विचारलं, "हे पोट्टे कधी हा हात, कधी तो हात काहून करतात?" मी खरं ते सांगून टाकलं. ते पोट धरून हसले. सर लय हुशार आहेत म्हणाले.

*

वार्षिक पाठाचा, म्हणजे शेवटच्या परीक्षेचा, दिवस उजाडला. सविताचा विषय होता काळी माती. नेमकी कापसाची वेचणी चालू, निम्मी पोरं शेतात. परीक्षक गेटवर पोचले होते आणि बाकं रिकामी. काळे सरांनी गौतमला पिटाळलं, दिसेल त्याला आणून बसव. गौतमने जे दिसलं ते आणलं. शेवटच्या बाकावर पांढरं धोतर बघून सर आधी दचकले, मग म्हणाले, बसू द्या, नवीन धोरणात पालकांचा सहभाग आहेच.

सविता आत आली. तिची नजर शेवटच्या बाकावर गेली आणि तिने पदर डोक्यावर ओढून फळ्याकडे तोंड केलं. पहिला प्रश्न तिने फळ्यालाच विचारला. पोरांना ऐकूच गेला नाही. एकही हात वर नाही. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. या बाईला दुसरी संधी नव्हती, आणि ती न देणारा माणूसच समोर बसला होता.

तेवढ्यात मागून एक हात वर गेला. काळ्या मातीत कापूस पिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाचा हात. डावा.

पोरं वळून बघायला लागली. सविताही वळली. तिने तो हात पाहिला. मग तिने पदर खांद्यावर घेतला, कमरेला खोचला, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली, "मागच्या बाकावरचे, उभे राहा. काय समजलं नाही?"

मामाजी उभे राहिले. हाताची घडी घातली.

"मले काहीच नाही समजलं, मॅडम. पयल्यापासून सांगा."