सिंधूकाकूंचा सात वारांचा फळा

अन्याय झाला तो सिंधूकाकूंवर. यंदाच्या हरतालिकेला, मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता, देवासच्या आमच्या मराठी मंडळाच्या भवनात. सचिवांनी मागच्या खोलीतला फळा त्यांच्या देखत ओल्या फडक्यानं पुसला आणि खोलीला कुलूप घातलं. सत्तरी उलटलेल्या काकूंचा त्या दिवशी निर्जळी उपास. भोवती अकरा माणसं उभी होती, एकानंही तोंड उघडलं नाही. बारावी मी.

फळ्यावर सात वार होते आणि प्रत्येक वारापुढे एकेक घर. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे रोज एका घरी. काकूंनी तीच पद्धत शिक्षण संपवून देवासच्या कारखान्यांत नोकरीला येणाऱ्यांसाठी चालवली होती. दुपारभर त्या खोलीत बसून कोण कुठं जेवणार ते खडूनं लिहीत.

दोन वर्षांपूर्वी मी धारचं कॉलेज संपवून इथं एका कारखान्याच्या तपासणी विभागात लागले. तिसऱ्याच दिवशी काकूंनी रस्त्यात गाठलं. नाव नाही, गाव नाही, थेट प्रश्न.

"मंगळवारी कुठं जेवतेस?"

"खोलीवर. डबा लावलाय."

"बघितलाय तो डबा. प्लॅस्टिकच्या पन्नीत भाजी येते त्यात. मी काय म्हणते के, तुझं नाव टाकते मंगळवारी."

"काकू, मी कमावते. कुणाचं फुकट खाणार नाही."

"फुकट कोण देऊन राहिलंय? त्या घरी नवराबायको आमनेसामने बसून मुकाट्यानं वरण फुंकतात. पोरगा पुण्याला. जा, जरा बडबड कर."

गेले. वैतागून गेले. मंगळवारच्या आजी न विचारता तिसरी पोळी वाढायच्या आणि आजोबा लग्नाचं विचारायचे. एकदा मी त्यांना चांगलं सुनावलं. दुसऱ्या दिवशी काकू दारात हजर. मला वाटलं, रागावणार.

"भांडलीस म्हणे?"

"हो."

"शाबास! एकटं जेवणारं माणूस भांडायचं विसरतं."

हे वाक्य त्या येईल त्याला ऐकवायच्या. एखादा वार चुकवला की फोन यायचा, "अगो, जिवंत आहेस ना?" तापात पडलेल्या माणसाचीही सुटका नव्हती, त्या वाराचं घर पेजेचं पातेलं घेऊन दारात. नव्या शहरात मला हवं होतं ते स्वातंत्र्य, आणि गळ्यात पडली ही बाई. माझा अगदी जीव नकोसा केला त्यांनी.

मग मी पत्रक काढलं. कॉलेजात हेच शिकले होते. दोन पानं, मथळा ठळक: 'वार लावणं बंद करा.' त्यात लिहिलं, 'कमावत्या, प्रौढ माणसांना दारोदार जेवायला पाठवणं हा त्यांचा अपमान आहे.' गेल्या वर्षी गणपतीत भवनाच्या दारात उभं राहून वाटलं. काकूंनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, घडी घालून कमरेला खोचलं आणि म्हणाल्या, "झकास लिहितेस. मंगळवारी जाणार के नी?"

यंदा रमिला आली. गंधवानीकडची, भिलाली बोलणारी आदिवासी पोर, माझ्याच विभागात. काकूंनी तिचं नाव गुरुवारी टाकलं. गुरुवारच्या घरून निरोप आला, "आमच्याकडे देवाचं आहे, तिला दुसरीकडे लावा." काकूंनी फडकं उचललं. मला वाटलं, खोडलं रमिलाचं नाव. आता आणखी एक पत्रक! त्यांनी खोडलं ते घर. आणि फळ्यावरून नजर न काढताच सचिवांना म्हणाल्या, "भिया, पोर नवी आहे, तिला काय माहीत. घर जुनं आहे, त्याला सगळं माहीत आहे. गुरुवार माझ्याकडे."

गुरुवारचं घर कार्यकारिणीतलं. पंधरवडाही गेला नाही. हरतालिकेच्या सकाळी सचिव आले ते माझं पत्रक हातात घेऊन. जपून ठेवलं होतं त्यांनी. ते अपमानाचं वाक्य खणखणीत आवाजात वाचलं आणि म्हणाले, "काकू, हे आम्ही नाही म्हणत. तुमच्याच पोरीनं लिहिलंय." रमिलाचं नावसुद्धा काढलं नाही. माझ्या शब्दांआड तिला दडवलं.

मी बोलायला हवं होतं. दोन वर्षं कुठंही, कुणाशीही भांडत आले, आणि तिथं माझी वाचा बसली. काकूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पुसल्या फळ्याकडे बघत एवढंच म्हणाल्या, "आजचं कोण कुठं जाणार ते तरी उतरवून घेऊ द्यायचं होतं. पोरं भुकेली राहतील."

आठवड्याभरात त्या नेमावरला बहिणीकडे गेल्या. मी गेले होते भेटायला. पत्रकाबद्दल माफी मागितली. "ते ऱ्हाऊ दे," म्हणाल्या, "रमिला गुरुवारी कुठं जेवते?" विचारलंच नव्हतं मी तिला.

आता विचारलंय. गुरुवारी ती माझ्या खोलीवर जेवते. पण एका खोलीनं भागत नाही; यंदाही पोरं आलीत आणि खोल्यांतून एकेकटी जेवतायत.

सभासदांनो, ते पत्रक माझं आहे आणि मी ते मागं घेतलंय. येत्या सभेत कुणी ते पुन्हा वाचलं तर उभे राहा आणि विचारा, फळा नक्की कुणाच्या नावामुळे पुसला? उत्तर मोठ्यानं द्यायला लावा. मग हात वर करा, कुलूप काढा, पहिलं नाव रमिलाचं लिहा. नेमावरहून काकूंना मी आणते. त्यांना कुलपासमोर उभं करू नका.