हॉटेल की गोदाम

सौदीत अल-खोबरला मी ज्या कंपनीत होतो, तिचे मालक, म्हणजे माझे कफील, सिमेंट विकून गब्बर झाले होते. एका सुट्टीत ते हिंदी महासागरातल्या चिमुकल्या बेटांच्या एका देशात जाऊन आले आणि तिथे पाण्यावर हॉटेल बांधायचं खूळ घेऊन परतले. मला म्हणाले, "त्या देशात भांडवल कुठे गुंततंय, त्यावर अहवाल लिही. हॉटेल बांधावं, असंच निघालं पाहिजे."

निष्कर्ष आयताच मिळाल्याने माझं निम्मं काम झालं होतं.

त्याच सुमारास सौदीकरणाचा हुकूम आला. माझी जागा स्थानिक माणसालाच द्यायची होती. कफीलांनी आपल्या मेहुण्यांना आणलं. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, जाडजूड, शांत गृहस्थ. त्यांना सगळं शिकवायचं आणि मग आपण चालतं व्हायचं. आपल्या तेराव्याचा स्वयंपाक आपणच रांधण्यातला प्रकार. मी पहिल्याच दिवशी ठरवलं, हा माणूस आपल्याला आवडणार नाही.

मास्तर कॉम्प्युटरला हात लावेनात. मी माझे रंगीत आलेख दाखवले. गेल्या काही वर्षांत तिथे सगळा पैसा हॉटेलं, धक्के आणि धावपट्ट्यांत गेला होता. त्यांनी आलेख बाजूला सारून नकाशा मागितला.

"नदी आहे?"

"नाही."

"शेती?"

"नारळ."

"मग लोक खातात काय?"

"मासे."

"रोज?"

मी रत्नागिरीचा. यात विचारण्यासारखं काय आहे, तेच मला कळेना.

मास्तरांचा एक जुना विद्यार्थी जहाज कंपनीत होता. त्यांनी त्याला फोन लावला. कळलं ते असं: तांदूळ, बटाटे, कोंबड्या, अंडीसुद्धा जहाजाने येतात. माल आधी हॉटेलांत जातो, उरलेला धक्क्यावर उन्हात सडतो. शीतगोदाम कोणी बांधत नाही, कारण शीतगोदामासमोर उभं राहून कोणी फोटो काढत नाही. माझ्या एकाही आलेखात हे नव्हतं. मला लाज वाटली, आणि रागही आला.

आम्ही दोघांनी अहवाल नव्याने लिहिला. तो घेऊन मास्तर कफीलांकडे गेले, मी मागे फाइल धरून.

कफील वाचून म्हणाले, "म्हणजे बायकोला मी गोदाम दाखवायला नेऊ?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "तिला हॉटेलातच उतरवा. ते दुसऱ्याच्या पैशाने बांधलेलं असेल."

कफील पोट धरून हसले. वर्षभरात तिथल्या एका व्यापाऱ्याच्या भागीदारीत गोदाम उभं राहिलं.

अहवालावर नाव एकट्या मास्तरांचं होतं. मी ते बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मला खुर्ची मिळाली, नाव तिच्याबरोबर आलं. तुमच्यासाठी मी दुसरं काही मागितलंय."

माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपायच्या आधी पत्र आलं. त्या गोदामाची देखरेख माझ्याकडे दिली होती. सौदीतून बाहेर, पण घरी नाही. मी अख्खा दिवस त्या माणसावर चिडायचं कारण शोधत होतो. सापडलं नाही.

संध्याकाळी अल-खोबरच्या बिऱ्हाडी परतून बायकोला सांगितलं. ती भांडी विसळत होती. म्हणाली, "शेवटी कांदे-बटाटेच सांभाळायचे होते, तर रत्नागिरीची मंडई काय वाईट होती?"

मग हात पुसून तिने माळ्यावरची बॅग खाली काढली.