शिक्का नसलेलं सॉफ्टवेअर

माझ्या दुकानात चार कॉम्प्युटर होते आणि चारही कॉम्प्युटरमधलं विंडोज चोरीचं होतं. आमच्या गावात दुसरं कोणतं विंडोज मी पाहिलंच नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ज्या ज्या माणसांनी मला कायदा शिकवला, त्यांच्यापैकी एकालाही या चोरीशी काही घेणंदेणं नव्हतं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. एसटी स्टँडसमोर, खताच्या दुकानाला लागून माझा सायबर कॅफे होता. लग्नपत्रिका, जयंतीची पत्रकं, परीक्षांचे निकाल, ई-मेल, जे येईल ते काम मी करायची. कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव पडले होते, लाल्या रोगानं शेतं गेली होती आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी आमच्या जिल्ह्याचं नाव दिल्लीपर्यंत पोचलं होतं. त्यामुळे पत्रकार यायचे. सकाळी गाडीतून उतरायचे, दुपारपर्यंत दोन घरं बघायचे आणि संध्याकाळी माझ्याकडे बसून आमच्यावर पानभर लिहायचे. एकीने मला विचारलं होतं, "इथून जवळ एखादं घर आहे का, जिथे नुकतंच झालंय?" तिला मी चहा विचारला नाही.

त्याच सुमारास मोठ्या शहरांत स्फोट झाले आणि वरून आदेश आला की सायबर कॅफेवर लक्ष ठेवा. आमचे ठाणेदार नवीन होते आणि त्यांना लक्ष ठेवायची हौस होती. त्यांनी आम्हा कॅफेवाल्यांना ठाण्यात बोलावलं. कॅफेवाले म्हणजे मी आणि मशिदीजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक मुसलमान गृहस्थ, ज्याला सगळं गाव भाई म्हणायचं. सोबत गावातली प्रतिष्ठित मंडळीही होती. एक डॉक्टर, दोन व्यापारी आणि कॉलेजातले एक प्राध्यापक.

टेबलाशी टाय लावलेला एक माणूस उभा होता. एप्रिल महिन्यात आमच्याकडे दोनच माणसं टाय लावतात, नवरदेव आणि फसवायला आलेला. हा ठाणेदारांच्या साळ्याचा मित्र निघाला.

"हे सॉफ्टवेअर सगळ्या मशीनमंधी बसवाचं," ठाणेदार म्हणाले. "कोण काय पाह्यते, काय लिहिते, सगळ्याचा फोटो निंघते. दर शनिवारी सीडी ठाण्यात आणून द्याची."

"पत्रांचा पण?" मी विचारलं.

"सगळ्याचाच."

"म्हणजे लोकांची खासगी पत्रं तुम्ही वाचणार?"

ते हसले. "ताई, चांगल्या माणसाच्या पत्रात वाचण्यासारखं असते काय?"

डॉक्टर म्हणाले की बरं झालं, पोरं बिघडून राह्यली होती. व्यापाऱ्यांनी माना डोलावल्या. प्राध्यापक पंख्याकडे बघत होते. हे प्राध्यापक दर पंधरा ऑगस्टला मुक्त सॉफ्टवेअरवर भाषण द्यायचे आणि विंडोजऐवजी टाकायच्या लिनक्सच्या सीड्या फुकट वाटायचे. माणसाचं स्वातंत्र्य आता त्याच्या कॉम्प्युटरपासून सुरू होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या दिवशी ते स्वातंत्र्य पंख्याला लटकलेलं असावं.

बाहेर आल्यावर मी भाईला म्हटलं, "तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"तुम्ही बोलल्या तं ठीक हाय ताई," तो म्हणाला. "मैं बोलता तो वो आदमी मैंच निकलता, जिसको ये लोग ढूंढ रहे."

दोघांच्याही दुकानात सॉफ्टवेअर बसलं. ते काढायचा पासवर्ड टायवाल्याकडे राहिला. आपल्याच मशीनचं कुलूप आणि चावी दुसऱ्याच्या खिशात, आणि वरून त्याचे वर्षाचे पैसेही आपणच भरायचे.

माझ्याकडे तेव्हा एक मुलगी यायची. झरी जामणीकडच्या एका पोडावरची, म्हणजे आदिवासी वस्तीवरची, कोलाम. आमच्या गावात वसतिगृहात राहून डी.एड. करत होती. पत्रकारांतला एक जरा बरा होता, तो वसतिगृहात जाऊन मुलींशी बोलला होता आणि हिला ई-मेलचा पत्ता देऊन गेला होता. ती एका बोटाने टाइप करायची, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. वरणात अळ्या निघतात, आजारी मुलीला दवाखान्यात नेत नाहीत, असं ती त्याला लिहायची. मला सांगायची आणि ओढणीने घाम पुसायची, जसा काही गुन्हाच करत होती.

सॉफ्टवेअर बसल्यावर थोड्याच दिवसांत ती आली आणि दारातच उभी राहिली.

"मॅडम, गृहपाल बाईनं मले माझंच वाक्य म्हणून दाखवलं."

"कोणतं?"

"'जनावराले टाकाचं असन तरी माणूस पाहून टाकते.' हे मी कोणालेच नाही सांगतलं. फक्त इथीच लिहिलं होतं. बाईनं बाबाले बोलावलं. म्हणे, घेऊन जा हिले."

ठाण्यात गेलेल्या सीडीवरून ते वाक्य वसतिगृहात पोचलं होतं. अतिरेकी शोधायला निघालेलं सरकारी यंत्र वरणातल्या अळीपाशी येऊन थांबलं होतं. मला राग नंतर आला. आधी शिसारी आली. मी दुकान बंद केलं आणि सरळ ठाण्यात गेले.

"ते सॉफ्टवेअर देशाच्या सुरक्षेसाठी होतं ना?" मी विचारलं.

"व्हय ना."

"मग वरणाचं काय?"

ठाणेदार जराही ओशाळले नाहीत. "पोरगी तुमच्या दुकानात बसून भायेरच्या माणसाले पत्रं लिहिते. उद्या काही भलतं झालं असतं तं? आम्ही गृहपालाच्या कानावर घातलं. पोरीचं भलंच केलं."

"तिला काढून टाकताहेत."

"थे त्याइचं त्याइले माहीत." मग खुर्चीत मागे रेलून ते म्हणाले, "तुमच्या लोकाइले कायदा लय पाठ असते."

मी बौद्ध आहे हे त्यांना माझ्या आडनावावरून पहिल्याच दिवशी कळलं होतं. हे वाक्य ते तेव्हापासून तोंडात धरून बसले असावेत.

"पाठ नाही," मी म्हटलं. "वाचता येतो."

संध्याकाळी भाई दुकानात आला. त्याने खटपट करून पाहिली आणि मान हलवली. ते निघत नव्हतं. मशीन पुसून पुन्हा विंडोज टाकलं, तर टायवाला येऊन पुन्हा तेच बसवणार होता. मग मला प्राध्यापकांच्या सीड्या आठवल्या. टायवाल्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालायचं. विंडोजच नसेल तर तो बसवणार कशावर?

प्राध्यापकांना इतका आनंद झाला की ते स्कूटर काढून स्वतःच आले. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे कोणी आपण होऊन सीडी मागितली नव्हती. पण आल्यावर ते मशीनला हातच लावेनात. आधी त्यांनी लिनक्सचं बरोबर नाव काय ते समजावून सांगितलं, कारण नुसतं लिनक्स म्हणणं चूक होतं. मग त्याच्या निरनिराळ्या जातींपैकी कोणती शुद्ध आणि कोणती बाटलेली ते सांगितलं. भाईने दुसरी एक सोपी जात सुचवली तर ते असे बघायला लागले, जसं काही त्याने देवघरात चप्पल आणली.

"विंडोज म्हणजे गुलामी आहे," ते म्हणाले. "हे आधी समजून घ्या."

"सर, गुलामीमें प्रिंटर चालता," भाई म्हणाला. "तुमच्या आझादीत चालते का, तेवढं सांगा."

दोघांची चांगलीच जुंपली. कोणतं सुंदर दिसतं, कोणतं लवकर उघडतं, कशात फाइल उडत नाही. तिकडे मुलीचा बाप गावाहून निघाला होता आणि इकडे हे दोन शहाणे मेनू वर असावा की खाली यावर भांडत होते. शेवटी मी म्हटलं, "बसवता की मी शटर ओढू?" मग बसवलं.

तीन मशीनमध्ये लिनक्स टाकलं. चौथ्यात विंडोज आणि पोलिसांचं सॉफ्टवेअर तसंच ठेवलं, कारण सरकारी निकालाची साइट दुसऱ्या कशात उघडायचीच नाही आणि पत्रिकांचे मराठी फॉन्टही लिनक्समध्ये चालत नव्हते. एका नवरदेवाच्या नावाच्या जागी नुसत्या चौकटी उमटल्या होत्या. त्या चौथ्या मशीनवर मी पुठ्ठ्याची पाटी लावली. ‘हे मशीन ठाण्यात दिसते. बाकीची तीन दिसत नाहीत. आपल्या मर्जीने बसावे.’

लोक वाचायचे, हसायचे आणि आपल्या मर्जीने बसायचे. निकाल बघायला आलेली पोरं चौथ्यावर. मुंबईच्या मुलाला पत्र लिहायला आलेल्या मास्तरीणबाई बाकीच्या तीनपैकी एकावर, जरी त्यातलं काही त्यांना सापडत नव्हतं आणि दर दोन ओळींनी त्या मला हाक मारायच्या. पोरं बिघडतात म्हणणारे डॉक्टरही एका दुपारी आले. चौथं मशीन रिकामं होतं. त्यांनी पाटी वाचली, घसा साफ केला आणि सगळ्यात कोपऱ्यातल्या लिनक्सवर जाऊन बसले. मी तिकडे पाहिलं नाही. त्यांच्या पत्रात वाचण्यासारखं काही असेल असं मला खरंच वाटत नव्हतं.

मुलगी बापाबरोबर आली ती जायच्या दिवशी. बाप बाहेरच्या बाकावर सामानाची पेटी पायाशी घेऊन बसला. मी पाणी दिलं ते तो प्याला. मुलीने पाटी दोनदा वाचली.

"मॅडम, याच्यात खरंच कोणी नाही पाह्यत?"

"नाही."

"तुमी?"

"मी पण नाही."

ती बसली. मी उठून दारात गेले आणि खताच्या दुकानातल्या गोण्या उतरताना बघत राहिले. तिचं ते एकेक अक्षराचं टकटक मागे ऐकू येत होतं. बाप मधेच म्हणाला, "मोटार जाईन." तरी ती थांबली नाही. पुरं झाल्यावर तिने पैसे पुढे केले, मी घेतले नाहीत, आणि ती गेली. तिने कोणाला काय लिहिलं ते मला आजही माहीत नाही.

पाटीची बातमी ठाण्यात जायला वेळ लागला नाही. ठाणेदार दोन शिपाई आणि टायवाला घेऊन आले. टायवाल्याने आपली सीडी घातली, काढली, पुसून पुन्हा घातली.

"साहेब, याच्यात विंडोजच नाही."

"मंग हे काय व्हय?"

"लिनक्स," मी म्हटलं. "फुकट मिळतं."

"फुकट?" ठाणेदारांचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला. "फुकट कसं भेटन? चोरीचा माल असन."

मी त्यांच्यापुढे परवान्याचा कागद ठेवला, मुद्दाम छापून ठेवलेला. कोणीही वापरावं, कोणालाही द्यावं, असं त्यात लिहिलं होतं. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"याच्यावर सही कोणाची हाय? शिक्का कुठी हाय?"

"शिक्का नसतो त्याला."

"मंग झालं तं," ते म्हणाले. पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने उपटली आणि एक लिनक्सचं मशीन तपासासाठी म्हणून गाडीत घातलं. चोरीचं विंडोज असलेलं मशीन शेजारीच चालू होतं. त्याला कोणी बोटही लावलं नाही.

मी प्राध्यापकांकडे गेले. म्हटलं, चला, ठाण्यात येऊन एवढंच सांगा की हे कायदेशीर आहे. तुम्हीच वाटता ना.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तत्त्वतः मी तुमच्या सोबतच आहे," ते म्हणाले. "पण माझी नोकरी संस्थेची. अध्यक्षांचं आणि ठाणेदारांचं उठणं-बसणं आहे. शिवाय तुम्ही ती पाटी लावायला नको होती. उगीच राजकारण झालं त्याचं."

"मग कसला विषय होता सर?"

"तांत्रिक," ते म्हणाले.

मी निघाले तेव्हा त्यांनी मला नव्या आवृत्तीची सीडी दिली. ती मी त्यांच्याच फाटकावर ठेवून आले.

माझ्यासोबत ठाण्यात आला तो भाई, ज्याला सगळ्यात जास्त भीती होती. मशीन मिळालं नाही, आणि परत येताना तो म्हणाला की पोलीस आले तवापासून तुमचे गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन राह्यले, मले शरम वाटते. मी म्हटलं, शरम राहू द्या, चहा पाजा.

पावसाळा संपता संपता ठाणेदारांची बदली झाली. टायवाला त्याआधीच गायब झाला होता, पुढच्या वर्षाचेही पैसे आगाऊ घेऊन. पुढच्या एप्रिलात वर्ष भरलं आणि एका सकाळी माझ्या चौथ्या मशीनवर आणि भाईच्या सगळ्या मशीनवर एकच पाटी उमटली, की मुदत संपली आहे, कंपनीशी संपर्क साधावा. कंपनीचा फोन लागत नव्हता. भाईने सगळं पुसून पुन्हा विंडोज टाकलं. अर्थात चोरीचंच. नवीन ठाणेदारांना मी त्या सॉफ्टवेअरबद्दल विचारलं तर ते म्हणाले, "कोणतं सॉफ्टवेअर?" असा आदेश त्यांच्या कपाटात कुठेच नव्हता.

मुलीने पुढे मुकुटबनला मावशीकडे राहून कसंबसं डी.एड. पुरं केलं. त्या पत्रकाराने वसतिगृहावर लिहिलं, ते आतल्या पानावर चार ओळींत छापून आलं, कापसाच्या बियाण्याच्या जाहिरातीशेजारी. गृहपाल बाई त्यानंतरही बरीच वर्षं तिथेच होत्या.

नव्या ठाणेदारांनी मशीन सोडल्यावर ते आणायला मी गेले तेव्हा ते ठाण्यातल्या लेखनिकाच्या टेबलावर होतं आणि त्याच्या पडद्यावर पत्त्यांचा डाव मांडलेला होता. त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला होता. "हे चांगलं हाय तुमचं," तो म्हणाला, "अडकत नाही." डाव बंद करून त्याने वायरी काढल्या आणि पावती पुढे केली. ‘मशीन सुस्थितीत मिळाले.’ मी आजूबाजूला पाहिलं. डाव खेळायचा माउस ठाण्याचा होता, माझा कुठेच नव्हता.

मी सही केली आणि खाली लिहिलं, ‘माउस मिळाला नाही.’

"असू द्या ना मॅडम," लेखनिक म्हणाला. "एवढ्याशासाठी कायले लिहिता?"

"लिहू द्या," मी म्हटलं, आणि त्याची प्रत मागून घेतली.