पक्षी ऱ्हाऊ दे, पोरगी बदला

एक मे रोजी शाळेत झेंडावंदन झालं, निकाल वाटले, सगळे पेढे खाऊन घरी गेले. मी मात्र घरी येऊन न जेवता पडून राहिले. अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय... कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

कोल्हापूरजवळच्या एका गावात मी चौथीला शिकवते. यंदा महाराष्ट्र दिनाला पोरांनाच राज्याची मानचिन्हं करायचं ठरवलं. शेकरू, आंबा, ताम्हण, ब्लू मॉरमॉन फुलपाखरू आणि राज्यपक्षी हरियाल. घोकलेलं पोरं विसरतात, अंगावर घातलेलं विसरत नाहीत.

हरियाल झाली सानिया. माझ्या मागंच लागली होती, "बाई, मी पक्षी हुणार." तिचे वडील रफीकभाई गावातले टेलर. गॅदरिंगचे मावळे असोत नाहीतर वासुदेव, सगळ्यांचे कपडे वर्षानुवर्षं तेच शिवतात.

पाचही ड्रेस त्यांनीच शिवले. लेकीला हिरवट पंख, पिवळी छाती, पायात पिवळे मोजे... सानिया वर्गभर पाय उचलून दाखवत फिरत होती. रंगीत तालमीचे फोटो मी हौसेनं पालकांच्या ग्रुपवर टाकले आणि तिथंच माशी शिंकली.

एका पालकाचा मेसेज आला, "महाराष्ट्र दिनाला हिरवं कशाला?" खाली अंगठ्यांची रांग. मी खऱ्या हरियालचा फोटो टाकला, लिहिलं, रंग देवानं दिलाय, मी नाही. तर उत्तर काय... "मग पक्षी बदला की बाई."

राज्याचा पक्षी बदला म्हणे! मी हसले. खरंच हसले, कारण मला वाटलं लोकांना माहीत नाही, समजावून सांगितलं की मिटेल.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी ऑफिसात बोलावलं. तीन-चार पालक आधीच बसलेले. मी पुस्तक उघडून पान दाखवलं, तर त्यातले एकजण म्हणाले, "पक्षी ऱ्हाऊ दे की. पोरगी बदला." बाकीचे लगेच, "व्हय, मग काय अडचण न्हाय." सरांनी सुटकेचा श्वास सोडला... "चला, मिटलं."

म्हणजे हिरव्याचं काही नव्हतंच. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भांडले, सानिया नाही तर कार्यक्रमच नाही म्हणून सांगून आले.

पण शाळा सुटताना रफीकभाई स्वतः आले. गावात गोष्ट लपते होय! म्हणाले, "बाई, तुमी चांगलं करालाय. पर आमाला हितंच ऱ्हायचं हाय. दुसरी पोरगी दुकानात पाठवा, माप घेतो." शेवटी मी दुसरी पोरगी पाठवली. लेकीसाठी शिवलेला ड्रेस त्यांनी आपल्याच हातानं उसवून दुसरीच्या मापाचा केला.

एक मे रोजी सगळ्यात जास्त टाळ्या हरियाललाच पडल्या. तेच पंख, तोच हिरवा रंग. ग्रुपवर बोंब ठोकणारे पुढच्या रांगेत मोबाइल वर करून शूटिंग घेत होते. सानिया शाळेच्या ड्रेसमध्ये वर्गाबरोबर खाली बसलेली.

प्रमुख पाहुणे खुशीत आले आणि माइकवरून पोरांना प्रश्न विचारायला लागले. "सांगा बघू, आपला राज्यपक्षी कोणता?" माझ्या वर्गातल्या सगळ्या पोरांनी सानियाकडं बघितलं. त्यांच्या लेखी हरियाल अजून तीच होती. पाहुण्यांना वाटलं हुशार पोरगी असणार, त्यांनी तिलाच उभं केलं.

सानियानं मागं वळून वडिलांकडं बघितलं. रफीकभाईंनी मान खाली घातली. मग ती म्हणाली, "मोर."

मंडपभर हशा पिकला. "अगं, तो राष्ट्रीय पक्षी!" म्हणत पाहुणे माझ्याकडं वळले... "बाई, जरा नीट शिकवा की."

नीट शिकवलं होतं हो. हरियाल काय खातो, कुठल्या झाडावर बसतो, सगळं तिला येत होतं. पण ते नाव आपल्या तोंडून येऊ द्यायचं नाही, हा धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता. तो आम्ही सगळ्या गावानं मिळून शिकवला... आणि पोरगी एका झटक्यात शिकली.