नदीपलीकडचा वड

कलकत्त्यात आपलं माणूस आहे म्हटल्यावर काशीयात्रेला निघालेला कुठला नातेवाईक सरळ घरी परततो? दिगंबर गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत रुजू झाला, क्वार्टर मिळालं, आणि त्याच्या बायकोच्या, कालिंदीच्या, घराची धर्मशाळा झाली. नऊ वर्षं झाली. मामेसासरे येऊन गेले, त्यांचे व्याही येऊन गेले, व्याह्यांचे शेजारीसुद्धा येऊन गेले. दिगंबर रजा काढून सगळ्यांना हिंडवायचा. कालीमाता, व्हिक्टोरिया, जादूघर म्हणजे तिथलं म्युझियम, आणि नदीपलीकडच्या बागेतला तो प्रचंड वड.

कालिंदी मात्र घरीच. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता, हेच तर वाईट. दुपारी तीनला नळाला पाणी यायचं ते चारला जायचं, आणि दहा माणसांचं पाणी भरायला कुणीतरी घरात हवंच. मग काय, पाहुण्यांना बसवणार नळापाशी? "पुढच्या खेपेला तू चल," दिगंबर म्हणायचा, आणि अगदी मनापासून म्हणायचा. पुढच्या खेपेला पुन्हा पाहुणे, पुन्हा पिंप. हावड्याचा पूल तेवढा तिने पाहिला होता, कारण गाडीतून उतरल्यावर तो चुकवताच येत नाही.

कऱ्हाडला तिच्या वडिलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. अण्णा निवृत्त मास्तर. लेक इतक्या लांब दिली याची त्यांना आधीच रुखरुख. म्हणून कालिंदी त्यांना पत्रं लिहायची, चांगली चार-चार पानी. पाहुणे जेवताना जे वर्णन करत ते वाढता वाढता ऐकायचं आणि स्वतः पाहिल्यासारखं लिहून टाकायचं. "अण्णा, काल वड पाहिला. मूळ खोड कधीच काढून टाकलंय, पण पारंब्यांचीच खोडं झालीत. देवळाच्या खांबांसारख्या रांगाच्या रांगा." सगळं ऐकीव. अण्णा ते पत्र आईला दोनदा वाचून दाखवत.

आणि चौऱ्याहत्तरच्या माघात अण्णा स्वतःच आले. एकटे, कारण आईचे गुडघे धरलेले, तिला एवढा प्रवास झेपणार नव्हता. दिगंबरला नेमकी रजा मिळेना.

"त्यांना कशाला त्रास? तू आहेस की," अण्णा म्हणाले. "मला दुसरं काही नको, तुझा तो वड दाखव. घरी जाऊन आईला सगळं सांगायचंय, तिने बजावलंय."

आदल्याच दिवशी कालिंदीने नणंदेचं सात जणांचं बिऱ्हाड गाडीत बसवलं होतं. सतरा दिवस धड पाठ टेकली नव्हती, त्यात ही नवी धास्ती. खोटेपणाचं एक वेळ सोडा. पण आपली लेक नऊ वर्षं नळापाशी बसून होती हे कळलं, तर म्हाताऱ्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

डबा घेऊन दोघं निघाली. घाटापर्यंत ठीक होतं. पलीकडे होडीतून उतरल्यावर बागेत तीन वाटा फुटलेल्या. ती एकीकडे चालू लागली, परत फिरली, शेवटी एका माळ्याला मोडक्या बंगालीत विचारलं. अण्णा काठी टेकत मागून मुकाट येत होते. चाळीस वर्षं मास्तरकीत गेलेली. धडा न वाचता आलेलं पोर त्यांना नुसतं उभं राहिलं तरी ओळखू यायचं.

वड दिसला आणि कालिंदी जागीच थांबली. मान वर, तोंड उघडं, पदर खांद्यावरून घसरला तरी भान नाही.

"पहिल्यांदाच पाहतेयस ना?" अण्णांनी विचारलं.

तिला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. खरं म्हणजे सगळ्याचाच आला होता. "हो, अण्णा," ती म्हणाली. "तीनला पाणी येतं."

एवढ्यावर त्यांना सगळं समजलं. जवळच एक बाक होता, नदीकडे तोंड केलेला. वड पाठीशी राहिला. अण्णांनी तिला शेजारी बसवलं आणि डबा उघडला. "आधी खाऊन घे. मग हिंडू." दोन घास झाले, "दोनला निघायचं हं" असं काहीसं ती पुटपुटली, आणि तिची मान त्यांच्या खांद्यावर कलंडली.

जाग आली तेव्हा ऊन पार तिरपं झालं होतं. अण्णा तसेच बसलेले, तसूभर हलले नव्हते. मोकळ्या हातातल्या उपरण्याने तिच्या तोंडावरच्या माशा वारत होते.

"चार वाजून गेले?" ती गडबडून उठली. "उठवलं का नाहीत? पाणी गेलं असेल."

"जाऊ दे," अण्णा म्हणाले. "शेवटची होडी निघायची वेळ झाली, माळी मघाशी सांगून गेला. चल." अवघडलेला खांदा चोळत त्यांनी काठी घेतली.

कालिंदीने मागे वळून पाहिलं. त्या वडाला अण्णांनी साधी एक फेरीसुद्धा मारली नव्हती. एवढा देश ओलांडून आलेला माणूस, उद्या सकाळच्या गाडीने परत जायचा. तिला रडू आवरेना.

"अण्णा, तुम्ही वड पाहिलाच नाहीत. आईला काय सांगाल?"

"तुझं पत्र पाठ आहे मला," अण्णा म्हणाले. "तेच सांगेन."